फिरून त्याच घाटाले

जहाजाचं पुस्तक मले पुलाच्या सायबानं देल्लं. पूल बांधून झाला, कॅम्प उठला. ट्रकात पलंग-टेबल भरून राह्यले होते, न मी आपली शेवटची मच्छी घेऊन गेल्तो. सायब म्हने, "मुखरू, पैसे घे, आणि हेही घेऊन जा. मेव्हण्यानं विलायतेहून पाठवलं होतं. तुझ्या धंद्याचं आहे."

चांगला मानूस होता बावा, त्याच्या मनात वाकडं काई नव्हतं. पन इचार करा, ज्यानं पूल बांधून माहा डोंगा बसवला त्यानंच मले बोटीचं पुस्तक द्यावं! मी हासलो. तोही हासला. मी काऊन हासलो ते त्याले समजलं नाई.

पुस्तक जड होतं न असं गुळगुळीत का बोट सटके. वरतं निळं पानी न त्याच्यावर पांढरं धप्प जहाज. आमच्यासारखी चार गावं मावतीन एवढं. आत पाहा तं पानोपानी जहाजंच. मी वाचू शकत नाई, दुसरीतून शाळा सुटली माही. बापानं बांबू हातात देल्ला न सांगतलं, पानी वाच.

आमचा घाट वैनगंगेचा. अल्याडचा काठ चांदा जिल्हा, पल्याडचा गडचिरोली. आंधी दोन्हीकडे चांदाच होता, मंग सरकारनं जिल्हा तोडला. मी म्हनो, बरं झालं, आता मानूस माह्या डोंग्यात बसला का एका जिल्ह्यातून दुसऱ्या जिल्ह्यात जाते, आपली इज्जत वाढली. ती इज्जत दोन-तीन सालंच टिकली. वरच्या आंगाले पूल झाला न एसटी सुरू झाली.

आमी ढिवर. माहा बाप डोंगा चालवे, त्याचा बाप चालवे. गावच्या मानसाकडून भाडं घ्याची रीत नव्हती. दोन्ही काठची लोकं सालभर बसत न धान निंगालं का खळ्यावर आमाले सुपानं देत. पुलानंतरही मी खळ्यावर गेलो. नाई कोनी म्हनलं नाई. पन देतानी मानसं दुसरीकडे पाहात, जसा मी मांगाले आलो. मंग मी जानं सोडलं. मच्छी मारो, तेवढ्यात एका पोटाचं भागे.

धानाचं जाऊ द्या. डोंग्याचा धंदा म्हंजे बोलन्याचा धंदा हाय. कोनाची सून बाळंत झाली, कोनाच्या बैलाले वाघानं धरलं, कोनाचं लगन मोडलं, सगळं मले पयले मालूम पडे. अर्ध्या पान्यात आलं का मानूस मनातलं बोलते. खाली पानी असलं का कायले लपवते? पूल झाला न मले काईच मालूम पडेना. मानूस मेला तरी चार रोजानं समजे. बायको कव्हाची गेली. पोरगी वरोऱ्याले देल्ली, तिच्या घरी दोन दिवस बरं वाटते, तिसऱ्या दिवशी जावई पेपर वाचाले लागते.

एकच मानूस असं होतं का ज्याच्यासाठी मी कान देऊन बसो. पल्याडच्या गावची केसरबाई. आमच्याच जातीची, मुरमुरे फोडे न आमच्या आंगच्या बाजारात आनून विके. दर बाजारी पल्याडच्या काठावरून तिची हाक ये, "ओ मुखरूभाऊऽ, जिते हा का?"

"अर्धा!" मी म्हनो, न डोंगा सोडो.

टोपलं मधात ठेवे न ती डोंग्याच्या पुढच्या नाकाडाले बसे, माह्याकडे तोंड करून. मी म्हनो, मुरमुऱ्यात रेती लागते. ती म्हने, तुमच्याच नदीची हाय, नदीले सांगा. एवढंच आमचं भांडन, किती तरी सालं चाललं.

तिचा नवरा वारलू, बांबू तोडाले खालतं आंध्राकडे गेला तो आलाच नाई. बारा सालाच्या वर झाले. संगतीचे आले, ते म्हनत का तापानं पडला होता, आमी निंगालो तवा जिता होता. केसरबाईच्या कपाळावर चार आन्याएवढं कुंकू. तिच्यापुढं "मेला" म्हनाची कोनाची हिंमत नव्हती. माहीही नाई. माह्या मनात काय होतं ते मी कोनाले सांगतलं नाई, न मांगाचं म्हनान तं काई मांगाचंही नव्हतं. तिनं डोंग्यात बसावं, एवढंच. बाजाराच्या दिवशी एक डाव जाताना, एक डाव येताना.

पुलानंतर ती बसनं जाले लागली. बस वरून जाये न मी घाटावरून खिडक्या पाहो. खालतून मानूस ओळखू येत नाई. सगळ्या खिडक्यात एकच डोस्कं दिसते.

आता पुस्तकाचं सांगतो. आमच्या शाळेवर खुशाल मास्तर होता. बौद्ध घरचा, चांद्याले कॉलेज शिकलेला, आंग्रेजी फाडफाड नाई पन बरं ये त्याले. अइतवारी गरी घेऊन घाटावर बसे. मच्छी त्याले कधी लागली नाई, पन बसे. मी पुस्तक त्याच्या मांडीवर ठेवलं.

"मास्तर, हे काय हाय ते सांगा."

त्यानं पानं पलटोली. "हे गिऱ्हाइकासाठी काढलेलं पुस्तक हाय, मुखरूभाऊ. जहाजात बसून सुट्टी घालवतेत ना लोकं, त्याईच्यासाठी. कोनतं जहाज चांगलं, कोनतं बेकार, ते लिवलं हाय. लोकं मार्क देतेत. चांदन्या. पाच चांदन्या म्हंजे फस्कलास. एक म्हंजे जाऊ नोका."

"ह्याले किती?"

"तीन. एका बाईनं तक्रार लिवली का सूप थंड होतं न वाढपी हासला नाई."

"वाढपी हासला नाई म्हून चांदनी कापली?"

"हौ."

"बापा! न आपल्या डोंग्याले किती देसान?"

मास्तरनं डोंगा पाह्यला. बुडातून पानी ये, ते उपसाले मी डालड्याचा डबा ठेवला होता. त्यानं डबा पाह्यला, मले पाह्यलं. "वाढपी हासते," तो म्हने, "पन बूड गळते. अडीच."

"अडीच कायचे? आपलं सूप तं थंड नाई ना!"

मंग त्यानं चित्रं दाखवली. जहाजात पोहाचं टाकं. आजूबाजूले एवढा समुद्र न हे टाक्यात पोहतेत. सकाळी खानं, दुपारी खानं, मधात खानं. बाया-मानसं लग्नाचे कपडे घालून नाचून राह्यले.

"हे सारे जातेत कुठी?" मी इचारलं.

"कुठीच नाई. पाच-सात दिवस पान्यावर फिरतेत न ज्या बंदरावरून बसले त्याच बंदरावर येऊन उतरतेत."

मी पुस्तक त्याच्या हातातून घेतलं न त्या नाचनाऱ्या मानसाईकडे नीट पाह्यलं.

"मंग मेलं कोन?"

मास्तरले समजलंच नाई. त्याले सांगाव लागलं. आमच्या घाटाची रीत अशी हाय का ह्या काठाले बसलेला मानूस त्या काठाले उतरलाच पाह्यजे. मधातून फिरून त्याच काठाले येते ते एकच ओझं, मुर्द्याची राख. घरची मानसं राख घेऊन बसतेत, धारेत सोडतेत, न ज्या काठाचे त्या काठाले उतरतेत. त्याचं आमी काई घेत नाई. म्हून आमच्या इथी कोनी उगाच "फिरवून आना" म्हनत नाई. पोट्टे हट्ट करत तरी मी त्याईले पल्याड नेऊन रेतीले पाय टेकवाले लावो, मंगच वापस आनो.

"एवढी मानसं राख शिरवाले निंगाली न नाचून राह्यली?" मी म्हनलो.

मास्तर असा हासला का गरी हातातून सुटून वाहून गेली. मले तिच्या मांगं डोंगा घ्याव लागला. वापस आलो तं तो शेवटच्या पानावरचं बारीक बारीक वाचत होता, न आता हासत नव्हता.

"काय झालं?"

"काई नाई. भाड्याचं हाय. एकटा मानूस आला तं खोलीचं भाडं दुप्पट."

"एकट्याले दुप्पट? काऊन?"

"खोली दोघाईची असते. दुसरी गादी खाली राह्यते, तिचं भाडंही त्यानंच भराचं."

मास्तरचं लगन नव्हतं झालं, शाळेच्याच खोलीत राह्ये.

"गरी पाहा मास्तर," मी म्हनलो, "ओढून राह्यली."

ओढत काईच नव्हतं.

आता माहं डोस्कं कसं चाललं ते पाहा. ते पुस्तक रोज पाहून पाहून मले वाटाले लागलं का एवढी शिकलेली दुनिया कुठीच जात नाई, नुसती पान्यावर बसाले पैसे देते, तं केसरबाईनं काऊन नाई बसाव? तिले पल्याड न्याचं काम आता बस करते. न्याचं कामच नाई राह्यलं तं बिना कामाचं बसाव. हे माह्या मनाले भल्लं पटलं. बाजाराच्या दिवशी पुस्तक गमछ्यात गुंडाळलं न गेलो.

ती वांगेवालीच्या बाजूले बसली होती. मले पाहून म्हने, "काय मुखरूभाऊ, जिते हा?"

"तुमी बसत नाई तवापासून पाव."

"वा जी! तुमच्या डोंग्यात टोपलं ओलं होये."

"न बसमधी?"

"बसमधी कंडक्टर टोपल्याची तिकीट मांगते, मेला. मी म्हनलं टोपलं माह्या मांडीवर बसते, तं म्हने तुमीच टोपल्यावर बसून राह्यल्या." वांगेवाली हासली, मीही हासलो.

मी पुस्तक उलगडलं. वांगेवाली म्हने, "बया, हे जहाज हाय का लगनाचा मांडव?" केसरबाईनं हात लुगड्याले पुसले न पानं पलटोवाले लागली. एका चित्रापाशी थांबली. म्हातारा-म्हातारी खुर्च्यात बसले, गुडघ्यावर चादर, समोर समुद्र.

"हे काय करून राह्यले?"

"पान्याकडे पाहून राह्यले."

"न?"

"न काई नाई. एवढ्याचेच पैसे देल्ले त्याईनं."

"म्हातारचळ!" ती म्हने न अशी हासली का मुरमुरे सांडले. पन पान पलटोलं नाई. त्या म्हातारीच्या चादरीवर बोट ठेवून होती. ते पाहून मले जोर आला.

"केसरबाई, तुमीही बसा ना एक डाव. कुठी जाचं नाई. मधात नेतो, फिरवतो, न तुमच्याच काठाले आनून सोडतो."

तोंडातून निंगालं न वांगेवालीनं खाली पाह्यलं. तवा मले समजलं मी काय बोललो. मी, घाटाचा ढिवर.

केसरबाईचं बोट तसंच राह्यलं. हळू आवाजात म्हने, "निरोप आला का कोनाचा?"

"नाई बाई, नाई, तसं नाई."

"आंध्रातून कोनी आलं? तुमाले कोनी सांगतलं?"

"कोनी नाई सांगतलं. मी ह्या जहाजाचं बोललो. हे लोकं असेच फिरतेत..."

"तं मंग माह्या नवऱ्याले तुमी कायले मारता?"

आता बाजारातली अख्खी ओळ पाहात होती. मी बोलाले गेलो का सायबाचं पुस्तक, मास्तर, चांदन्या. माहं मलेच येड्यावानी वाटलं. ती म्हने, "जहाजाची मानसं जहाजात, मुखरूभाऊ. आपन कुठी राह्यतो?" न टोपल्यावर फडकं झाकलं. बाजार भरात होता, तरी ती उठून बसच्या रस्त्यानं गेली.

पुस्तक मी आढ्यात खोचून ठेवलं. पुढच्या बाजारी गेलो तं तिनं दुसऱ्या गिऱ्हाइकाले माप घातलं, माह्याकडे पाह्यलं नाई. त्याच्या पुढच्या बाजारी मी गेलोच नाई. पावसाळा लागला, नदी दोन्ही काठ भरून चालली. पुलाच्या आंधी ह्या दिवसात डोंग्याले दम नसे. आता मी सकाळी पानी उपसो, बुडाले डांबर लावो, दोर सोडो, दोर बांधो. डोंगा असा तयार असे का आत्ता कोनी येईन. एकटा मानूस किती खोटं काम करते ते त्याचं त्यालेच मालूम. वाटे का पोरीकडे वरोऱ्याले जाऊन बसावं. जावयाचा पेपर आठवे न राहून जाओ.

भादव्यातला पितरांचा पंधरवडा चालू होता. दुपारची वेळ, ऊन पडलं होतं. पल्याडच्या काठावर कोनी तरी उभं दिसलं. हाक नाई. नुसतं उभं. मी डोंगा सोडला. अर्ध्यात आलो तवा लुगडं ओळखलं, न अजून जवळ आलो तवा हातातलं मडकं दिसलं.

ती एकटीच होती. डोंग्यात बसली, पन माह्याकडे तोंड करून नाई.

"आंध्रातून आला का कोनी?" मी इचारलं.

"नाई. पळसाच्या पानाचा केला."

आमच्याकडे हे करतेत. मानूस परागंदा झाला, बारा सालं उलटली, का पळसाच्या पानाचा पुतळा करतेत, डोस्क्याच्या जागी नारळ ठेवतेत, न त्याले आग देतेत. मंग तो मेला म्हनाचा. तिच्या सासरचे किती सालापासून मांगं लागले होते, तिनंच होऊ देल्लं नव्हतं.

मी बांबू रोवत नेला. पानी जोरात होतं. ती आपल्या मनानंच बोलाले लागली.

"देरानं आग देल्ली. राखेले म्हने पुलावरून टाकून दे, आता सारे तिथूनच टाकतेत. बसमधून उतरतेत, टाकतेत न दुसऱ्या बसनं जातेत. मी गेले जी पुलावर. कठड्याशी उभी राह्यले. मांगून ट्रक चाललेत, भोंगे वाजवून राह्यलेत. मले वाटलं, हा काय कचरा हाय का वरून फेकून द्याव? खाली पाह्यलं तं तुमचा डोंगा दिसला."

मी बांबू दुसऱ्या आंगाले रोवला.

"बाजारात तुमी बोलले, त्या दिवशी मी घरी जाऊन लय रडले. तुमच्यावर नाई. लोकं बोलत तवा मले राग ये. तुमी बोलले तवा पयल्यांदा वाटलं का खरंच असन."

"मी तसं नव्हतो बोललो, केसरबाई."

"मालूम हाय मले. त्यानं काय होते?"

धार आली. मी डोंगा थोपून धरला. तिनं मडकं पान्यापर्यंत नेलं न वापस मांडीवर घेतलं.

"फिरवा जरासा."

मी फिरवला. गोल फेरी मारून तिथीच आनला. तिनं परत मडकं उचललं, परत ठेवलं. "अजून," म्हने. मी अजून फिरवला. असं किती डाव झालं मी मोजलं नाई. हात भरून आले, बुडात पानी चढलं, पन डब्यानं उपसाले बांबू सोडता ये ना. ती खाली पाह्यत होती.

"त्याचं तोंड आठोत नाई, मुखरूभाऊ," ती म्हने. "काल रातपासून आठवून राह्यले. नारळच आठोते."

मी वारलूले पाह्यला होता. त्याच घाटावरून, माह्याच डोंग्यात गेल्ता तो. मी म्हनलो, "नाक मोठं होतं. न डाव्या भिवईत खोक होती, बैलाच्या शिंगाची. हासला का एक डोळा मिटे."

ती ऐकत राह्यली. मंग म्हने, "हौ. डावाच." न मडकं सोडलं. बुडबुडे आले थोडे. तिनं नदीचंच पानी ओंजळीत घेतलं न कपाळ पुसलं, एक डाव, दोन डाव. लाल पानी नाकावरून खाली आलं. ते तिनं पदरानं टिपलं.

वापस आनताना मी दोनदा तोंड उघडलं न दोनदा मिटलं. आमच्यात रांडव्या बाईचा पाट लागते, दुसरं लगनच ते, त्यात कोनाले काई वाटत नाई. पन राखेच्या फेरीत ते बोलाचं नसते, न खरं सांगतो, फेरी नसती तरी बोललो असतो का नाई, मालूम नाई.

रेतीले डोंगा लागला. ती उतरली, गुडघ्याएवढ्या पान्यात उभी राह्यली, डोंग्याच्या काठाले हात धरून.

"आता मले ह्या डोंग्यात बसवनार नाई," ती म्हने. "त्याले इथूनच सोडला ना."

"नाई बसवत," मी म्हनलो. "बस चांगली हाय. टोपलं कोरडं राह्यते."

"कंडक्टर बदलला आता."

"बरं झालं."

ती गेली. राख सोडून आलेल्या मानसानं मांगं पाहाची रीत नाई, न तिनं नाई पाह्यलं. मी डोंग्यातलं पानी उपसलं न वापस आलो.

आता बाजार उठला का मी पुलाच्या अल्याडच्या तोंडाले जातो. तिथी पिंपळाखाली बस थांबते. एक लांब गोटा हाय, एका टोकाले केसरबाई बसते, दुसऱ्या टोकाले मी. मधात रिकामं टोपलं. वांग्याचा भाव, मास्तरची बदली, मुरमुऱ्यातली रेती. ती आता नदीचं नाव घेत नाई, म्हनते भट्टीले रेती देनारा चोर हाय.

पयले ह्या बसले मी रोज शिव्या देओ. आता बसून इचार करतो का टायर पंचर होवो, नाई तं डायवर कुठी च्या प्याले थांबो.

"आज उशीर झाला," ती म्हनते.

"हौ. रस्ता खराब हाय."

रस्ता नवाकोरा हाय, पुलासंगच डांबर टाकलं. ती रस्त्याकडे पाह्यते.

मंग भोंगा ऐकू येते. ती उठते, लुगडं झटकते. टोपलं मी उचलाले जातो, तेवढ्यात कंडक्टर वरूनच ओढून घेते.